रिपोर्टवर लिहा, नेमकं काय तपासलं

कोरोनाच्या अँटीबॉडीची चाचणी गावाचा अंदाज घ्यायला चांगली आहे. एकट्या माणसाला निर्धास्त करायला किंवा घाबरवायला ती वापरली गेली, हे चुकलं. मी कोल्हापुरात लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते, आणि 2021 च्या जून-जुलैत जे पाहिलं त्यावरून हे म्हणते.

तेव्हा राज्यात इतरत्र लाट उतरत होती आणि आपला जिल्हा मात्र कडक निर्बंधांत अडकला होता. मंगळवार पेठ असो, राजारामपुरी असो की कसबा बावडा, दंडाला पट्टा बांधायच्या आधीच प्रश्न यायचा, "ताई, किती निघतील ओ?" या प्रश्नामागं कारण होतं. 13 मे रोजी केंद्रानं कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं होतं. पहिला डोस झालेली माणसं मधल्या काळात अधांतरी होती. लसीसाठी पहाटेपासून रांगा, टोकन संपलेलं. त्यापेक्षा घरबसल्या रक्त द्यावं, आकडा बघावा आणि ठरवावं, असं लोकांना वाटलं तर त्यांना दोष कसा देणार? दोष रिपोर्ट देणाऱ्यांचा होता.

उत्तरेश्वर पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींचं उदाहरण सांगते. कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेले, रिपोर्ट आला 'नॉन रिअॅक्टिव्ह'. लस वाया गेली असं समजून त्यांनी स्वतःला माडीवरच्या खोलीत कोंडून घेतलं. नातवालाही वर येऊ देईनात. त्यांच्या लसीत काहीच खोट नव्हती. कोविशिल्ड शरीराला विषाणूच्या बाहेरच्या काट्यांची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची ओळख करून देते. गुरुजींच्या रक्तात तपासल्या होत्या त्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी. त्या प्रत्यक्ष लागण होऊन गेली तर तयार होतात, किंवा कोव्हॅक्सिनसारख्या अख्खा मृत विषाणू असलेल्या लसीनं. एवढी एक ओळ रिपोर्टखाली छापली असती, तर त्या घरातले ते दिवस टळले असते. ती ओळ आजही अनेक रिपोर्टवर नसते, याचा मला राग येतो.

उलटा प्रकारही झाला. दूध संस्थेत काम करणाऱ्या एका तरुणाचा आकडा 250 च्या वर आला. त्याच्या मेहुण्याचा दुसऱ्या लॅबमधून हजाराच्या पुढं. दोघांनी आकडे शेजारी ठेवून कुणाची ताकद जास्त ते ठरवलं आणि दुसरा डोस लांबवला. रोश कंपनीच्या स्पाइक चाचणीत 0.8 च्या पुढं 'आहेत' म्हणतात, अॅबटच्या चाचणीत 50 च्या पुढं. दोन्ही चाचण्यांची एककंच वेगळी आहेत. तोळे आणि लिटर यांची तुलना करण्यासारखंच हे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2020 मध्येच सगळ्या आकड्यांना लावता येईल असं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवून दिलं होतं. आमच्या हातात येणाऱ्या रिपोर्टांवर त्याचा पत्ता नसायचा. शिवाय कितीच्या वर गेलं की माणूस सुरक्षित, अशी रेघ कुणीच आखलेली नव्हती.

19 मे 2021 रोजी अमेरिकेच्या एफडीएनं स्पष्ट सांगितलं होतं की लसीनंतरची प्रतिकारशक्ती जोखायला ही चाचणी वापरू नका. त्याच दिवशी आपल्याकडं आयसीएमआरनं घरच्या घरी करायच्या चाचणीबद्दल सूचना काढल्या आणि पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला परवानगी दिली. ती नाकातल्या स्रावाची चाचणी, विषाणू आज अंगात आहे का ते बघणारी. 250 रुपयांच्या त्या किटच्या नियमात पुढचं पाऊलही सांगितलेलं होतं. लक्षणं असून निकाल निगेटिव्ह आला, तर आरटीपीसीआर करा. रक्ताच्या अँटीबॉडीसोबत असं काहीच आलं नाही. आकडा हातात, पुढं काय ते ज्याचं त्यानं बघायचं.

बोट टोचून थेंबभर रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी किटंही आपण पाहिली. एप्रिल 2020 मध्ये चीनहून आलेल्या अशा किटांची अचूकता राजस्थानात 5.4 टक्के भरली आणि 27 एप्रिलला आयसीएमआरनं राज्यांना ती परत करायला सांगितली. पण बऱ्यापैकी किटाचाही हिशेब बघा. हजार माणसांच्या गावात दहाजणांना लागण होऊन गेली आहे आणि किट दर शंभर निरोगी माणसांत पाचांना चुकून 'आहे' म्हणतं. म्हणजे दहा खऱ्यांबरोबर जवळजवळ पन्नास खोटे. सर्वेक्षण करणारा ही चूक ठाऊक असल्यानं ती वजा करतो. घरात एकटा बसलेला माणूस काय वजा करणार?

म्हणूनच हीच चाचणी सर्वेक्षणात सोनं ठरली. इंग्लंडमध्ये 2020 च्या उन्हाळ्यात लाखभर लोकांना घरी किट पाठवून बोटाच्या रक्तावर पाहणी झाली, आणि सुमारे 6 टक्के लोकांत अँटीबॉडी असल्याचं कळलं. मुंबईत जुलै 2020 मध्ये तीन वॉर्डांत पाहणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के, बाहेर 16 टक्के. दाटीवाटीत राहणाऱ्यांवर काय गुदरलं होतं, ते या दोन आकड्यांनी सांगितलं. 2021 च्या जून-जुलैतल्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा आकडा 58 टक्के आला. त्या पाहणीसाठी राज्यातले सहा जिल्हे निवडलेले होते. शेजारची सांगली त्यात होती, कोल्हापूर नव्हतं. इथल्या माणसांनी पदरचे पैसे मोडून रक्त दिलं, आणि ती सगळी माहिती ज्याच्या त्याच्या मोबाईलमधल्या पीडीएफमध्ये पडून राहिली.

आता घरी येऊन रक्त नेण्याची सोय अंगवळणी पडली आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी ती मोठी मदत आहे आणि ती वाढावी. पण लॅबनी रिपोर्टवर मराठीत तीन गोष्टी छापाव्यात: कशाविरुद्धच्या अँटीबॉडी तपासल्या, कोणत्या पद्धतीनं, आणि या आकड्यावरून काय ठरवता येत नाही. पुढची साथ आली तर जिल्हा आरोग्य विभागानं पहिल्या महिन्यातच आपली पाहणी सुरू करावी. आणि तुम्ही, दारात आलेल्या आम्हा लोकांपुढं हात करण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, की या रिपोर्टनं माझ्या औषधात किंवा लसीत काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल, तर आम्हाला खुशाल परत पाठवा.