शहरे शिकतात, आपणही शिकावे

सुरतेत नवा कपडा निघाला की थोड्याच दिवसांत तो वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर टांगलेला दिसतो. एका बाजाराने दुसऱ्याकडून शिकणे व्यापाऱ्याला नवे नाही. आता शहरेही तेच करू लागली आहेत, आणि त्याचा आपल्या धंद्याशी थेट संबंध आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीकाठचे दुकानदार तो दिवस विसरलेले नाहीत. त्याच वर्षी लंडनच्या पुढाकाराने हवामान बदलावर काम करणाऱ्या शहरांचा संघ सुरू झाला. तोच आजचा ‘सी-४०’. मुंबई त्यात २०२० साली सामील झाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने हवामान कृती आराखडा काढला, आणि ओस्लो शहराचा कित्ता गिरवून जून २०२४ मध्ये हवामान अंदाजपत्रकही मांडले.

हे चांगलेच झाले. पण हे शिक्षण बेहरामपाड्यात माळ्यावर मशीन चालवणाऱ्या कारागिरापर्यंत कधी पोहोचणार? मे महिन्यात पत्र्याखाली बसणाऱ्याचे नग कमी निघतात. त्याची मजुरी बुडते, मालकाची ऑर्डर लांबते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्म्यात शेकडो माणसे दगावली. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आगाऊ इशारे सुरू केले आणि पुढे वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग दिला. यात न परवडण्यासारखे काय आहे?

स्वतःहून शिकले नाही तर हुकूम येतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलण्यास सांगितले. हवा स्वच्छ हवी, यात दुमत नाही. पण लहान भट्टीवाल्याला सहा महिन्यांत खर्चाची तजवीज करणे सोपे नसते.

म्हणून आमची सूचना अशी: संघटनांनी दोन-चार जाणती माणसे अहमदाबादला पाठवावीत. छपरे पाहावीत, खर्च विचारावा. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर चुना मारावा, पावसाळ्यापूर्वी माल फळीवर चढवावा, विमा उतरवावा. आणि महापालिकेच्या एच-पूर्व व एच-पश्चिम विभाग कार्यालयांत जाऊन हवामान अंदाजपत्रकात आपल्या गल्लीसाठी काय आहे, हे लेखी विचारावे.

मालाचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. तेवढी चौकशी आपल्या कारागिरांच्या जिवासाठीही करू या.