जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एवढं वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. आपल्या सावनेरात या तारखेची चर्चा काही झाली नाही. होणार तरी कशी, कॉम्प्युटर तर दुसऱ्या दिवशीही तसाच सुरू झाला. पण या तारखेचा संबंध तुमच्या सातबाऱ्याशी, आधारच्या स्कॅनशी, पोरीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मशी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

विंडोज ११ टाकायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सोय लागते, ४ जीबी रॅम लागते, ६४ जीबी साठवण लागते, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलचे साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. आता तुम्हीच बाजारात एक चक्कर मारा. झेरॉक्सची दुकानं, ऑनलाइन फॉर्म भरणारे, टायपिंग इन्स्टिट्यूट, केळवद-खापा-पाटणसावंगीच्या शाळांमधले कॉम्प्युटर. २०१७ नंतरचं मशीन किती ठिकाणी दिसतं? घरच्यासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट मिळण्याची सोय कंपनीनं ठेवली आहे. पण त्यासाठी नोंदणी करावी लागते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपल्याकडच्या अर्ध्या मशिनींत विंडोजच दोन-चारशे रुपयांत 'टाकून दिलेलं' असतं. त्या मशिनींची नोंदणी कोण करणार?

आणि याच मशिनींवर आपण रोज आधार, पॅन, पासबुक स्कॅन करून ठेवतो. 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरात अख्ख्या गावाची कागदपत्रं पडलेली असतात. दारं-खिडक्या लावायचं बंद झालेल्या घरात तिजोरी ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं. "भाऊ, हे तं आता भंगार झालं, नवीन घेऊन टाका." भंगार काहीच झालेलं नसतं. स्क्रीन चालते, कीबोर्ड चालतो, बॅटरी तासभर तरी टिकते.

माझं उदाहरण देतो. बातमीदारीसाठी मी ११.६ इंची छोटा लॅपटॉप वापरतो. पिशवीत मावतो, एस.टी.त मांडीवर बसतो, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात दिवसभर खांद्यावर घेऊन फिरलं तरी खांदा दुखत नाही. ४ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. ही साठवण बोर्डावरच चिकटवलेली असते, काढून मोठी बसवता येत नाही. विंडोजचा मोठा अपडेट आला की जागा पुरत नसे. सगळे फोटो काढून टाकले तरी 'जागा कमी आहे' हेच उत्तर. विंडोज ११ ला ६४ जीबी पाहिजे, म्हणजे तो दरवाजाही बंद. आता त्यावर लिनक्स मिंट आहे, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. हा लेख त्याच्यावरच लिहितोय.

लिनक्स म्हणजे काय, हे माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. पुढं जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स आपण सगळे वापरतोच, फक्त लॅपटॉपवर टाकायला घाबरतो.

घाबरण्यासारखं त्यात काय आहे, तेही सांगतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून तीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवा. रूफस किंवा एचर नावाच्या मोफत प्रोग्रामनं ती पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही, तिथं बरेच जण अडकतात. मग लॅपटॉप सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. लॅपटॉपमधल्या कशालाही हात न लावता. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, कॅमेरा दिसतो का, झाकण लावून उघडलं की पडदा परत येतो का. एक तास घ्या, सगळं तपासा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथं.

माझ्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्यांदा दिसलंच नाही. छोट्या, स्वस्त लॅपटॉपमध्ये हे होतं. त्यातली वायफायची चिप कोणती, यावर सगळं अवलंबून असतं. उपाय सोपा आहे. फोन केबलनं जोडा, फोनमधलं 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा, इंटरनेट मिळालं की मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. माझं काम दहा मिनिटांत झालं. सगळ्यांचंच होईल असं नाही, म्हणून तर आधी तपासून घ्या म्हणतो.

३२ जीबीत विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याच्या फंदात पडू नका. आधी फोटो, कागदपत्रं बाहेर काढा, दोनदा तपासा, मग सगळी डिस्क लिनक्सला द्या. टाकताना एक प्रश्न विचारतात, डिस्क कुलूपबंद करायची का? पत्रकारांनी, वकिलांनी, आशाताईंनी, ज्यांच्याकडे दुसऱ्याची माहिती असते त्या सगळ्यांनी 'हो' म्हणावं. लॅपटॉप बर्डीच्या गर्दीत चोरीला गेला तर चोराला यंत्र मिळेल, बातमी देणाऱ्याचं नाव मिळणार नाही. पासवर्ड मात्र तुम्ही विसरलात तर तुमच्यासाठीही संपलं. तो उघडून देणारा कोणी नाही.

नंतरच्या बारीकसारीक सोयी: स्क्रीनची उंची कमी असते, म्हणून खालची पट्टी उचलून डाव्या बाजूला लावा, लिहायला दोन ओळी जास्त मिळतात. बॅटरीसाठी टीएलपी नावाचा प्रोग्राम टाका. आणि ४ जीबीत ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडू नका. लिनक्स जादू नाही राजेहो, रॅम तेवढीच राहते.

आता मराठी. माझ्यासाठी खरा प्रश्न हाच होता. २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी ज्या गावात गेले, त्या गावातून मराठीत लिहून पाठवतो मी. टायपिंग जमलं नसतं तर लिनक्स माझ्या काय कामाचं होतं?

जमलं. विंडोजवर जी कसरत करावी लागायची त्यापेक्षा सोपं जमलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये तयार असतो. आयबस आणि एम१७एन हे दोन प्रोग्राम टाकले की इंग्रजी उच्चारानं लिहिण्याची सोय मिळते, 'गमभन' मिळतं, टायपिंग शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनही मिळतं. ऱ्या, ळ, ॲ सगळं उमटतं. लिबरऑफिसचे मेनू मराठीत करता येतात. हे आपोआप झालेलं नाही. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी 'लोहित' फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळला, मराठी भाषांतरं केली. मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्ता' फॉन्ट मोकळा दिला. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात. त्याच सीडॅकच्या चेन्नई केंद्राच्या कामातून २००७ साली 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स आलं, भारतीय भाषांसह. म्हणजे सामान सगळं घरातच आहे.

मग अडतं कुठं?

अडतं ते समोरून येणाऱ्या फायलींपाशी. एका कार्यालयातून मला प्रसिद्धिपत्रक येतं, उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण ते कृतिदेवात टाइप केलेलं असतं. कृतिदेवासारख्या जुन्या फॉन्टची गंमत अशी, की तुम्हाला स्क्रीनवर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरनं साठवलेलं असतं इंग्रजीतलं 'डी'. वरून देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळून पडतो. तो मजकूर इंटरनेटवर शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, अंध माणसाला वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला तर त्यातलं एक अक्षर कळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आणि अजून आपलीच कार्यालयं मराठी लिहितात तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नसतेच.

यात लिनक्सचा काय दोष? युनिकोडमधलं पत्रक मिंटवरही उघडतं, विंडोजवरही, फोनवरही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतं. डिजिटल सहीच्या टोकनचं कधी लिनक्सवर जमतं, कधी जमत नाही. टॅली लिनक्ससाठी येत नाही. पेपरची पानं लावणारे ज्यावर काम करतात ते इनडिझाइन, कोरलड्रॉसुद्धा नाहीत. म्हणून सेतू केंद्र चालवणाऱ्या भावांना माझं स्पष्ट सांगणं आहे, अंगठ्याच्या मशीनवर आज लिनक्स टाकू नका, उद्या दुकान बंद पडेल. पण दुकानातलं दुसरं मशीन, ज्यावर फक्त स्कॅन, प्रिंट आणि फॉर्म होतात, त्यावर टाकून पाहायला हरकत नाही. प्रिंटर-स्कॅनर मात्र आधी त्याच पेनड्राइव्हवरून तपासा.

मला राग येतो तो इथं. सरकारी सेवा घ्यायची तर एका खासगी कंपनीचं सॉफ्टवेअर पाहिजे, आणि त्या कंपनीनं वय संपलं म्हटलं की गावातल्या पोरानं कर्ज काढून नवीन मशीन आणायचं. ही अट कोणत्या कायद्यात आहे? उलट केंद्र सरकारनं २०१५ सालीच धोरण काढलंय, की सरकारी कामात मोकळ्या सॉफ्टवेअरला पसंती द्या. धोरण कागदावर, आणि लॅबच्या खरेदीत विंडोज.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या इंजिनिअर लोकांचे चोचले आहेत, शाळामास्तरांना कुठं जमणार? केरळात जमलं. तिथं २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला, पुढं त्याचीच २०१७ मध्ये 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. सरकारी शाळांचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. त्यांनी स्वतःची आवृत्ती बनवली, मल्याळम टायपिंग त्यात आधीच बसवलं, शिक्षकांना शिकवलं आणि मुलांची आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच घेतली. तिथले मास्तर काही आकाशातून पडले नव्हते. त्यांना प्रशिक्षण मिळालं आणि बिघडलं तर विचारायला माणूस मिळाला, एवढंच. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेली लाखो माणसं आहेत. त्यांना आपण कॉम्प्युटर शिकवला की एका कंपनीचे मेनू पाठ करून घेतले, हा प्रश्न विचारायला हवा. मेनूची जागा बदलली की गोंधळणारी शिकलेली माणसं मी रोज पाहतो.

माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाची पत्रकं, नोटिसा, ठराव युनिकोडमध्ये आणि शोधता येईल अशा पीडीएफमध्ये निघावेत. स्कॅन केलेला वाकडा फोटो पीडीएफ म्हणून खपवू नये. नगर परिषद आणि पंचायत समितीनं आपल्याकडच्या आणि शाळांमधल्या विंडोज १० वर चालणाऱ्या मशिनींची मोजणी करून यादी जाहीर करावी. किती मशिनींना अपडेट मिळतात, किती बदलणार, किती पैसे लागणार, हे सगळ्यांना कळू द्या. निवडणुकीत लॅपटॉप वाटण्याच्या घोषणा होतात, त्याआधी आहेत ते तरी मोजा. आणि पुढच्या टेंडरमध्ये एक ओळ टाका, की अंगठ्याचं यंत्र, सहीचं टोकन, पोर्टल, जे काही घेऊ ते लिनक्सवरही चाललं पाहिजे. ती ओळ आली की कंपन्या आपोआप सॉफ्टवेअर बनवतील. धंदा कोणाला नको आहे?

मोजणीची माहिती मी माहितीच्या अधिकारात मागतो आहे, अर्ज तयार आहे. उत्तर येईल तसं इथंच टाकीन, आकड्यांसकट.

तोवर ज्यांना टाकून पाहायचंय त्यांच्यासाठी मिंटचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे. लॅपटॉपसोबत चार्जर आणा, आणि आधी घरी फोटो दुसरीकडे उतरवून या. फॉरमॅट मारल्यावर "लग्नाचे फोटो होते ना भाऊ त्यात" म्हणाल, तर मी काही करू शकणार नाही.