तलवारी लक्षात राहिल्या, दुष्काळ नाही

१/ ‘सामुराई शोडाउन’ हा एसएनके कंपनीचा खेळ १९९३ मध्ये आला आणि २०१९ मध्ये नव्याने अवतरला. एका घावात लढत फिरवणारे द्वंद्व हा त्याचा खरा वारसा. मात्र ‘यातून सामुराईंचा इतिहास कळतो’ हे मला अमान्य आहे.

२/ कथा तेन्मेई काळातली (१७८१–८९). खलनायक अमाकुसा शिरो प्रत्यक्षात १६३८ मध्येच मारला गेलेला. ही मोडतोड क्षम्य आहे.

३/ अक्षम्य ते पुढे. खेळात देशावरील अरिष्ट दुष्ट शक्तीमुळे येते आणि तलवारीने टळते. प्रत्यक्षात १७८३ मध्ये असामा ज्वालामुखी उसळला, पिके बुडाली, भीषण दुष्काळ पडला. १७८७ मध्ये एदो व ओसाकात भुकेल्या लोकांनी तांदूळ व्यापाऱ्यांची दुकाने फोडली. तिथे राक्षस नव्हता, साठेबाजी होती.

४/ आपण तरी काय वेगळे करतो? १७६० ची उदगीरची लढाई आपल्याला तोंडपाठ. १७९१–९२ मध्ये निजामाच्या मुलखाला होरपळवणारा दुष्काळ कितींना ठाऊक आहे? मी किनवटचा. मराठवाड्याच्या वाचकाने तरी हे विसरू नये.

५/ खेळ अवश्य खेळा. पण तलवार दिसली की विचारा: त्या वर्षी धान्याचा भाव काय होता?