वजन उतरवायचे तर साखर सोडा, भाकरी नव्हे



अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणारा मुंबईकर हल्ली जेवायला बसला की ज्वारीची भाकरी मागतो. रायगडचा किनारा भाताचा. इथल्या कोळी-आगऱ्यांच्या ताटात तांदळाची भाकरी आणि म्हावरे. ज्वारी येते ती घाटावरच्या, आपल्यासारख्यांच्या कोरडवाहू रानातून. इंडियाला वजन उतरवायचे आहे आणि त्यासाठी भारताची भाकरी हवी आहे. आनंद आहे. पण भाकरीवर हाच पाहुणा थंड पेयाची बाटली पितो, तिथे सगळा हिशेब बिघडतो.

हिशेब सोपा आहे. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, 20 कॅलरी. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर 160 कॅलरी झाल्या. जवळपास 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची, म्हणजे एका लहान भाकरीची ही बेरीज. भाकरीने पोट भरते; तिच्यात चोथा आहे, प्रथिने आहेत. साखरेत उष्मांकाखेरीज काही नाही आणि भूक तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या 10 टक्के ठरवली आणि 5 टक्के अधिक बरी म्हटले. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याला 5 टक्के म्हणजे पाच चमचे. गूळ आणि मधही याच खात्यात येतात. साखरेऐवजी गोड गोळ्यांवर वजन उतरवू नका, असेही याच संघटनेने 2023 साली सांगितले.

आपला माल खपावा म्हणून आपणही खोटे बोलू नये. ज्वारी औषध नव्हे. दोनाच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीनेही वजन वाढेल.

हा प्रश्न फक्त शहराचा नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. सकाळी पोराच्या हातात चहा-बिस्कीट आपणही देतो.

आणि सरकार काय करते? 2023 हे भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारीला 'श्रीअन्न' म्हटले. पुढच्याच फेब्रुवारीत अंत्योदय कार्डावरच्या साखरेचे किलोमागे 18.50 रुपयांचे अनुदान मार्च 2026 पर्यंत वाढवले. आम्ही साखरबंदी मागत नाही. ऊसवाला आपलाच भाऊ आहे. आमचे म्हणणे एवढेच की असे पैसे गरीब माउलीच्या हातात द्या. साखर घ्यायची, डाळ घ्यायची की ज्वारी, ते तिला कळते. आणि ज्वारीला नुसता मान नको, घामाचे दाम हवेत.

जिल्हा बैठकांत यावर चर्चा व्हावी. सुरुवात बैठकीच्या चहापासून करू: चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला. ज्याला हवी त्याने घालून घ्यावी.