रुग्णसेवा आणि हिशेबाची वही

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या बदलापुरातील बहुतेक घरांतून एकच विचार ऐकू येतो : गुण भरपूर मिळाले तर डॉक्टर, थोडे कमी पडले तर इंजिनिअर. डॉक्टरच का, असे विचारल्यास 'रोग्यांची सेवा करावयाची आहे' असे उत्तर मिळते. हेतू उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु रोग्यांची सेवा करण्याचा दुसरा मार्गच नाही काय, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकांनी करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या मनुष्याच्या जखमांवर त्याने तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. येथपर्यंतचा भाग सर्वांच्या स्मरणात राहतो. परंतु दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकास दोन नाणी दिली आणि अधिक खर्च लागल्यास परत येताना तो भरण्याचे वचन दिले, इकडे आपले लक्ष जात नाही. शुश्रूषेचे पैसे कोणी, केव्हा व किती द्यावयाचे याची तजवीज त्याने केली नसती, तर त्याची दया एका रात्रीपुरतीच ठरली असती. याच्या उलट, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली जी स्त्री शुभवर्तमानात भेटते, तिने वैद्यांच्या पायी होते नव्हते ते सारे खर्चिले होते.

अशी घरे आजही आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा सहामाहीनंतर येईनासा झाला. चौकशी करता कळले की, वडिलांच्या आजारात आईचे दागिने गेले, वर कर्ज झाले आणि मुलगा कामाला लागला. रुग्णालयाच्या वहीत तो बाप 'बरा होऊन घरी गेला' असे नोंदले गेले असेल. माझ्या हजेरीपटावर मात्र मुलाच्या नावावर रेघ पडली. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहणे, हेच आरोग्य-अर्थशास्त्रज्ञाचे कार्य होय.

हे कार्य आपल्या महाराष्ट्रातही झालेले आहे. रवि दुग्गल व सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या औषधोपचाराच्या खर्चाची पाहणी केली; तिचा वृत्तांत १९८९ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन, कोण आजारी पडले, कोठे गेले, किती पैसे लागले, असे साधे प्रश्न विचारल्यावाचून हा खर्च कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. पुढे सरकारनेही राष्ट्रीय आरोग्य लेखे ठेवण्यास प्रारंभ केला. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी २०१३-१४ साली सुमारे ६४ रुपये कुटुंबे आजारपणाच्या वेळी स्वतःच्या खिशातून देत होती. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला. सुधारणा खरी, तथापि ३९ हा आकडाही लहान नव्हे.

पैसे किती, याइतकेच ते कोणत्या रीतीने दिले जातात हेही महत्त्वाचे असते. दर खेपेस फी घेणाऱ्यास खेपा व तपासण्या वाढविण्याचा मोह होतो. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतील ज्या कामगारांच्या पगारातून राज्य विम्यासाठी शेकडा पाऊण रुपया कापला जातो, त्यांच्या पॅनेल डॉक्टरास नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम मिळते. तेथे रोग्यास लवकर वाटेला लावण्याचा मोह संभवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला असतो. तेथे अवघड रोगी टाळण्याचा मोह संभवतो. कोणतीच रीत निर्दोष नाही. कोणत्या रीतीत रोग्याचे नुकसान कमी, हे केवळ सद्भावनेने कळत नाही. ते मोजावे लागते.

'दयेच्या कामी पैशाचा हिशेब कसला?' असा आक्षेप कोणी घेतील. माझे उत्तर असे की, हिशेब न ठेवल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्याच्या माथी बसतो. मात्र ही विद्या दुधारी आहे, हे विसरू नये. रोग्याचा न्याय्य दावा कसा छाटावा, हेही तिच्याच साह्याने शोधता येते. म्हणून गणिताइतकीच सचोटी येथे आवश्यक आहे.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने गणित व संख्याशास्त्र पक्के करावे आणि अर्थशास्त्रात पदवी घ्यावी. पुढील अभ्यासासाठी पुण्यास १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था आहे. मुंबईस विद्यापीठ व टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेत. मराठीही उत्तम असावी. कारण जी माउली आपल्या कर्जाची हकीकत सांगणार, ती आपल्याच भाषेत सांगणार.

पालकांस शेवटी एवढीच विनंती की, रक्त पाहून जिला घेरी येते परंतु हिशेबात जिची एक पैही चुकत नाही, अशी मुलगी आपल्या घरी असेल, तर तिला रुग्णसेवेस अपात्र समजू नये. जखमा बांधणारे हात हवेतच. पण त्या दोन नाण्यांची तजवीजही कोणीतरी केलीच पाहिजे.