आधी खोली तपासा

प्रवेशाचा हंगाम आला की अमरावतीच्या बडनेरा जंक्शनावर बॅगा घेतलेली पोरं उतरतात. राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वाटेवर, नव्या वस्तीत ‘रूम किरायाने देणे आहे’ ही पाटी शोधतात. अशा एखाद्या खोलीत चार खाटा, एकाच बोर्डावर इस्त्री, कूलर आणि चार चार्जर, खिडकी तेवढी कूलरने बुजलेली. आग लागली तर बाहेर पडायला दार एकच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण नोंदणी कागद पाहते, खोली पाहत नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारामधले लायसन्स राहणाऱ्याला मिळते, ठेवणाऱ्याची परीक्षा होत नाही.

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसे एका घरात भाड्याने ठेवायची, तर मालकाला परवाना लागतो. 2018 पासून अशा घरांत एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागा बंधनकारक आहे.

अमरावती महापालिकेने निदान पाचांहून अधिक खाटांच्या घरांची नोंद, वायरिंगची तपासणी आणि दुसरी वाट एवढे तरी मागावे. शुल्क मात्र नाममात्र असावे; नाहीतर तेही पोरांच्या किरायातच चढेल.