‘कूलंट टाकून दिलंय साहेब’ ही दुरुस्ती नव्हे

नाशिककरांनो, गाडी सर्व्हिसिंगहून परत घेताना हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल: "कूलंट जरा कमी होतं साहेब, टॉपअप करून दिलंय." आपण मान डोलावतो, बिल भरतो, निघतो. माझं स्पष्ट मत आहे, वॉरंटीतल्या गाडीबद्दल हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं तर गाडी ताब्यात घेऊच नये.

कूलंट म्हणजे काही पेट्रोल नाही, जळून संपायला. इंजिन, रेडिएटर आणि परत इंजिन असं ते बंद चक्रात फिरतं. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर समजू शकतो. पण दर दोन-तीन महिन्यांनी टाकावं लागत असेल, तर ते कुठून तरी जातंय. पाईपच्या क्लिपमधून, रेडिएटरमधून, वॉटर पंपाच्या सीलमधून, नाहीतर हेड गॅस्केटमधून थेट सिलिंडरमध्ये. पार्किंगमध्ये डाग दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. इंजिन तापल्यावर दाब वाढतो, तेव्हा थेंब सुटतो आणि गरम धातूवरच वाळून जातो. हे शोधायला प्रेशर टेस्ट असते. टाकीच्या तोंडाला हातपंप लावायचा, दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते बघायचं. फार मोठं काम नाही. तरी ते टाळलं जातं, कारण (हा माझा अंदाज) संध्याकाळपर्यंत अमुक गाड्या बाहेर काढायच्या असतात आणि वॉरंटी क्लेमची कागदपत्रं कुणालाच नको असतात. वॉरंटीचं कॅलेंडर मात्र पुढे सरकत राहतं.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला हे कळायला वर्ष लागेल. पण मे महिन्यात मुंबईहून येताना, एसी लावून, पाच माणसं घेऊन कसारा घाट चढायला लागलं की कळतं. ओळखीतल्या एका गृहस्थांचं तेच झालं. वॉरंटी संपून दोन महिने झालेले आणि घाटात काटा लालमध्ये. पंप गेला, हेड गॅस्केटही गेलं. डीलरचं म्हणणं, तुम्ही गरम गाडी चालवली, चूक तुमची. काटा चढल्यावर थांबायलाच हवं, हे खरंच. पण आधीच्या तीन जॉबकार्डांवर याच डीलरने ‘कूलंट टॉपअप’ लिहिलंय, त्याचं काय?

ती तीन जॉबकार्डं हीच आज त्यांची ताकद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती ग्राहकापासून मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे इथे नाशिकमध्येच करता येते. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण आयोग पुरावा मागतो. म्हणून गाडी देताना जॉबकार्डवर नुसतं ‘सर्व्हिसिंग’ लिहू देऊ नका. ‘कूलंट कमी होतंय, गळती शोधून द्यावी’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. किलोमीटरचा आणि टाकीतल्या पातळीचा फोटो काढा. बदललेला जुना पार्ट मागा.

"बाहेर दाखवलंत तर वॉरंटी जाईल" ही धमकी तर ठरलेलीच. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच डीलरांच्या मुठीत ठेवल्याबद्दल. त्यात सातपूरला कारखाना असलेली महिंद्राही होती. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, आणि काउंटरवरची भाषा काही बदलली नाही. वॉरंटी असेपर्यंत बाहेर काही उघडू नका, हे मीही सांगेन. पण भरवशाच्या मेकॅनिककडून नुसती प्रेशर टेस्ट करून घ्यायला काय हरकत आहे? त्याने लेखी दिलं तर उत्तमच.

आयोगाआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. ते आदेश देऊ शकत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात. आमच्या गृहस्थांनी नोंदवली. चौथ्या दिवशी डीलरचा फोन आला, पार्टवर निम्मी सूट देतो म्हणून. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.